चार मेंदू बाद

“हात थरथरतात का गं तुझे?”

रांगणेकर सरांनी स्लाइड ट्यूबलाइटकडे धरली होती आणि एक डोळा मिटून ते तिच्यातून आरपार बघत होते. शेजारी श्रीरंग खांबेटे हाताची घडी घालून उभा होता. श्रीरंग आमच्या प्रयोगशाळेतला सर्वांत जुना विद्यार्थी, सरांचा उजवा हात. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“नाही सर,” मी म्हणाले.

“मग हे काय आहे? इथे, तळाशी, मधोमध. हा तपकिरी डाग. रंग सांडलाय तुझा.”

“सांडला असता तर पसरला असता सर. हे वेगवेगळे ठिपके आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, एकेक पेशी सुटी दिसते.”

“तू शाळेत होतीस तेव्हापासून मी सूक्ष्मदर्शकाखाली बघतोय.” त्यांनी स्लाइड ट्रेमध्ये ठेवली. “आधीच्या सगळ्या मेंदूंत ही जागा कोरी आहे. स्वच्छ कोरी. मेंदू श्रीरंगच देतो, औषधं तीच, पद्धत तीच. मग बदललं काय? तूच सांग.”

मी ट्रेमधल्या स्लाइडकडे बघितलं.

“तू बदललीस,” सर म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ केला. “रागावू नकोस. माझ्या सुनेचंही असंच झालं होतं. गॅसवर दूध ठेवायची आणि विसरायची. बाळंतपणानंतर बायकांचं चित्त काही दिवस ठिकाणावर नसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

मला लाज वाटतच नव्हती. मला ट्रेमधली ती स्लाइड उचलून परत घ्यावीशी वाटत होती. जुई तेव्हा चार महिन्यांची होती, मी कामावर परतून महिना झाला होता आणि त्या महिन्यात मी एकही भांडं फोडलं नव्हतं, एकही बाटली चुकीच्या फडताळात ठेवली नव्हती. श्रीरंगने त्याच आठवड्यात फॉर्मॅलिनची अख्खी बरणी फरशीवर पालथी केली होती. तेव्हा त्याच्या चित्ताचा ठावठिकाणा कोणी विचारला नाही.

“पुढची खेपही अशीच आली,” सर म्हणाले, “तर एन्केफॅलिनचं काम मी दुसऱ्या कोणाकडे देईन. नाइलाज आहे बाळ. तज्ज्ञांची समिती येतेय, नकाशा छापायला जायचाय.”

एन्केफॅलिनचं काम म्हणजे माझी पीएच.डी. जुईच्या आधीची सगळी वर्षं मी त्यात घातली होती.

हा नकाशा काय होता ते सांगते. मेंदूतल्या पेशी तारा जोडल्यासारख्या एकमेकींशी जोडलेल्या असतात हे शाळेतही शिकवतात. पण त्या रसायनांतूनही बोलतात. एक पेशी एखादं रसायन बनवते, ते सोडते, आणि ते दुसऱ्या पेशींपर्यंत जाऊन काहीतरी सांगतं: दुखतंय, भूक लागलीय, घाबर, आता झोप. कोणत्या पेशी कोणतं रसायन बनवतात आणि ते जातं कुठे, याचं सगळं जाळं पांढऱ्या उंदराच्या मेंदूत शोधायचं आणि कागदावर उतरवायचं, असा सरांचा बेत होता. चाळीच्या जिन्यात उभं राहून वासावरून कोणाच्या घरी काय शिजतंय ते ओळखावं, तसलं काम. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक रसायन वाटून दिलं होतं. माझ्या वाट्याला एन्केफॅलिन आलं, वेदना शमवणारं रसायन. मेंदूच्या पातळ चकत्या करायच्या, त्या औषधात भिजत ठेवायच्या, आणि जिथे एन्केफॅलिन असेल तिथे तपकिरी ठिपके उमटतात ते मोजायचे.

संस्था पुण्यातली. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं नोकऱ्या करतात.

सरांच्या प्रयोगशाळेत दोन रिती होत्या. पहिली, उंदीर फक्त नर घ्यायचे. मादीचं चक्र चार-पाच दिवसांनी फिरतं, तिच्या मेंदूतली रसायनं वरखाली होतात, त्यामुळे नकाशा गढूळ होतो असं सरांचं म्हणणं. जगभर बहुतेक ठिकाणी तसंच चालायचं, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

दुसरी रीत खास आमचीच. उंदराला झोपेचं इंजेक्शन देऊन मारणं आणि मेंदू बाहेर काढणं हे काम मुलांचं. चकत्या करणं आणि रंगवणं मुलींचं. प्राणीगृहाच्या मागच्या खोलीत मुलींनी पाऊलही टाकायचं नाही. मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, माझा उंदीर मीच करते. सर इतके दुखावले की जणू मी त्यांच्या घरी जेवायला नकार दिला. “मुलींना ते बघवत नाही,” म्हणाले. “आमच्याकडे आम्ही मुलींना जपतो.” मी वेंगुर्ल्याची. पाटावर बसायला लागल्यापासून आईशेजारी मासे साफ करत आले होते, माझ्या हातची सुरमईची तुकडी बघून मासे विकणारी मान डोलवायची. पण जपतात म्हटल्यावर भांडणार कशी? मी बाटलीत येईल तो मेंदू घ्यायला लागले. बाटलीवर क्रमांक असे, बस्स. आत कोण होतं हे बाटली काही सांगत नाही.

त्या दिवशी सरांचं बोलणं ऐकून मी बाकावर परत आले आणि ठरवलं की आता भावनेत वाहायचं नाही, प्रयोग करायचा.

डाग पडलेले मेंदू तोपर्यंत तीन झाले होते. मी डागाच्या मेंदूच्या चकत्या घेतल्या आणि एका स्वच्छ, कोऱ्या मेंदूच्या. डागाच्या मेंदूच्या प्रत्येक चकतीला कडेला सुरीने बारीक खाच पाडली, म्हणजे नंतर ओळखता येईल. मग दोन्ही एकाच वाटीत टाकल्या. एकच पाणी, एकच औषध, एकच हात. हात थरथरले असते तर दोन्हीकडे थरथरले असते.

दुसऱ्या दिवशी वाटी उजेडात धरली. खाच नसलेल्या चकत्या तळाशी कोऱ्या. खाच असलेल्या प्रत्येक चकतीत, अगदी तळाला, मधल्या पोकळीच्या दोन्ही बाजूंना, तपकिरी ठिपक्यांचे दोन झुबके. दोन्ही बाजूंना सारखे.

मी वाटी तशीच उचलून सरांच्या केबिनमध्ये गेले.

“बरं, मग?” सर म्हणाले.

“मग रंगवण्यात चूक नाही सर. मेंदूच वेगळे आहेत.”

“म्हणजे श्रीरंगचं चुकलं?”

“मी तसं म्हटलं नाही. पण त्या मेंदूंचं रंगवण्याआधीच काहीतरी झालंय. मला ते काढताना बघायचंय.”

सर हसले. “कालिंदी, आपल्या पायाखाली काय जळतंय ते आधी बघावं. श्रीरंगने शेकडो मेंदू काढलेत. तू घरी जा, झोप काढ जरा. डोळे बघ कसे झालेत.”

डोळे तसे झाले होते कारण जुई झोपत नव्हती. हेही खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला.

घरी आई होती. जुईसाठी वेंगुर्ल्याहून आली होती, कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत तिचा जीव घुसमटायचा, पण नातीसाठी राहिली होती. माझा नवरा उदय तेव्हा बडोद्याला बदलीवर होता, त्यामुळे भांडायला घरात आईच काय ती.

“काय गो, तोंड कित्याक असा केलंस?” तिने विचारलं.

“सर म्हणतात माझं डोकं ठिकाणावर नाही. बाळंतीण आहे म्हणून.”

“तेंका विचार, तुमच्या आवशीचा डोक्या खंय होता तुमका पाजतना?” आई म्हणाली आणि जुईला माझ्या मांडीवर ठेवून ताकाला फोडणी द्यायला गेली.

दोन दिवसांनी कळलं की श्रीरंग दुपारी पुढचा मेंदू काढणार आहे. मी कोणाला विचारलं नाही. अॅप्रन चढवला आणि प्राणीगृहाच्या मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत भुशाचा आणि मुताचा वास कोंडलेला. श्रीरंगने हातमोजे घातले होते, टेबलावर उंदीर गाढ झोपवलेला, पाठीवर, चारी पाय चिकटपट्टीने ताणलेले. मी पोटाकडे बघितलं. दोन्ही बाजूंना स्तनाग्रांची रांग, लालसर, आणि प्रत्येकाभोवतीचे केस चोखून चोखून झडून गेलेले. श्रीरंगने पोटावरची कातडी चिमटीत धरली होती आणि त्याच्या मोज्याच्या बोटावर पांढरा थेंब लागला होता. दूध.

मागच्या पिंजऱ्यात पिल्लं होती. गुलाबी, डोळे न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढत आई शोधत होती. त्यांचा चिरका आवाज चालू होता. दुपारी जुईला पाजायची माझी वेळ टळून गेलेली होती. अॅप्रनखाली माझा कुडता ओला व्हायला लागला.

“तू आत कशी आलीस?” श्रीरंग म्हणाला.

“दारातून. श्रीरंग, ही मादी आहे.”

“हळू बोल.”

“ही व्यालेली आहे. अंगावर पाजणारी आहे ही!”

“हळू बोल म्हणतोय ना!” त्याने दाराकडे बघितलं. “नर संपले. शेजारच्या विभागाने सगळे उचलले. सर रोज मागे लागलेत, समितीच्या आधी सगळे मेंदू पाहिजेत, एक कमी चालणार नाही. या पैदाशीच्या माद्या, चार विणी झाल्या की तशाही मारूनच टाकतात. वाया घालवायच्या कशाला?”

“आधीच्या तिन्ही याच?”

त्याने मोज्यावरचा थेंब पुसला.

“आधीच्या तिन्ही अशाच होत्या का, श्रीरंग?”

“मेंदू तो मेंदू,” तो म्हणाला. “मादीचा आणि नराचा असा काय फरक पडणार आहे?”

“मग सर नरच का घेतात?”

मी महिनाभर त्याच्या डोळ्यांदेखत बोलणी खात होते. ट्यूबलाइटखाली स्लाइड धरून माझ्या बाळंतपणाची चर्चा चालली होती तेव्हा हा हाताची घडी घालून शेजारी उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. तिथेच त्याच्या श्रीमुखात भडकवावी असं मला वाटलं, आणि ते आजही वाटतं.

“कर तू तुझं काम,” मी म्हणाले. “मी इथेच उभी आहे.”

“तुला बघवणार नाही.”

“कर.”

मुलींना बघवत नाही म्हणतात ते सगळं मी बघितलं. मेंदू बाटलीत पडला तशी बाटली त्याच्या हातातून घेतली. रंगवण्याआधीच मला माहीत होतं की काय दिसणार, आणि तेच दिसलं. तळाशी, पोकळीच्या दोन्ही बाजूंना, दोन झुबके.

रागाच्या तळाशी तेव्हा मला आनंदही होता, तो का लपवू? नराच्या मेंदूत ज्या पेशी मुक्या, त्या पाजणाऱ्या आईच्या मेंदूत बोलत होत्या. पिल्लं अंगाला लागली आणि त्या पेशींनी नवं रसायन बनवायला घेतलं होतं. मेंदूचा नकाशा एकदाच काढून भिंतीवर टांगावा असा नसतोच, तो जगण्याबरोबर बदलतो. आणि हे माझ्या वाटीत तरंगत होतं.

सर श्रीरंगची सालटी काढतील, याबद्दल मला शंका नव्हती. मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, चारही मेंदूंच्या स्लाइड्स समोर मांडल्या. सरांनी चहा मागवला. बराच वेळ ते स्लाइड्सकडे बघत राहिले, या वेळी खरंच नीट.

“म्हणजे तुझे हात ठीक होते तर,” ते म्हणाले.

“हो सर.”

“चला, प्रश्न सुटला. चारही मेंदू बाद कर.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “बाद? सर, ही नवी गोष्ट आहे! पाजणाऱ्या मादीत...”

“कळलं मला. पण आपण नॉर्मल मेंदूचा नकाशा करतोय बाळ.”

“पाजणारी आई नॉर्मल नाही?”

“ती तात्पुरती अवस्था आहे. आजारपणासारखी. काही आठवड्यांनी उतरते.”

“सर, नकाशाच्या मुखपृष्ठावर काय छापणार आहोत आपण? सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील रासायनिक संदेशांचं जाळं. पिल्लांना अंगावर पाजतात म्हणून तर त्यांना सस्तन म्हणायचं. आणि पाजणारी तेवढी त्यातून हाकलून द्यायची?”

“भाषण चांगलं करतेस,” सर म्हणाले. चहाचा कप माझ्याकडे सरकवला. “आता शांतपणे ऐक. मेंदू बाद करायचे तर समितीला कारण द्यावं लागतं. आपल्याला परवानगी फक्त नरांची आहे. माद्या वापरल्या म्हटलं की चौकशी लागणार. श्रीरंगचं जर्मनीला जायचं ठरलंय, ते मोडेल. पोराचं आयुष्य आहे.”

“मग?”

“तू सांगायचं, रंगवताना चूक झाली. चार मेंदू हातून बिघडले. एवढं एक वाक्य. तू नुकतीच बाळंतपणातून उठून आलीयस, कोणी तुला बोल लावणार नाही. सगळे समजून घेतील. नकाशावर तुझं नाव राहील. दिवाळीपर्यंत तुझा प्रबंधही मार्गी लावू.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मी असं काही म्हणालो का?” सर दुखावल्यासारखे म्हणाले. “चहा घे. गार होतोय.”

मी चहा घेतला नाही. काही बोललेही नाही. माझं गप्प राहणं म्हणजे होकार असं त्यांनी धरलं. त्यांच्या प्रयोगशाळेत मुलींच्या गप्प राहण्याचा तोच अर्थ व्हायचा.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. कोणत्या पेशी, कोणतं रसायन हे तिला समजावत बसले नाही. खोटं बोलायला सांगतात, एवढं तिला पुरलं. ती जुईला थोपटत ऐकत होती. माझं सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

“आणि तिची पिल्लां? तेंचा काय झाला?”

मी जुईकडे बघितलं. आईने ते ओळखलं आणि जुईच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

समितीत तिघे होते. एक दिल्लीचे, एक बंगळूरचे, आणि एक इथलेच निवृत्त झालेले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. लांब टेबल, पांढरी चादर, बाजूच्या खोलीत भजी तळली जात होती त्याचा वास. सरांनी नकाशा दाखवला. एकामागून एक रसायन, एकामागून एक रंग. दिल्लीवाले मान डोलवत होते. खरंच सुंदर काम होतं ते, खोटं कशाला बोलू.

मग सर म्हणाले, “एन्केफॅलिनच्या भागात चार मेंदू वगळावे लागलेत. त्याबद्दल कालिंदी दोन शब्द सांगेल.”

श्रीरंग मागच्या रांगेत होता. मी उठले. प्रोजेक्टरमध्ये मी माझी स्लाइड आधीच सरकवून ठेवली होती. पडद्यावर उंदराच्या मेंदूची चकती उमटली, टेबलाएवढी मोठी, आणि तळाशी ते दोन तपकिरी झुबके.

“हे मेंदू माझ्या हातून बिघडलेले नाहीत,” मी म्हणाले. “रंग बरोबर आहे. नरांचे आणि हे मेंदू एकाच वाटीत रंगवून मी खात्री केलीय. हे चारही मेंदू पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांचे आहेत. नरात ही जागा कोरी असते. आईच्या मेंदूत ती अशी भरते. हे मेंदू बाद करू नयेत. नकाशात या जागेसाठी वेगळं पान हवं.”

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घुरघुरत होता. मला वाटलं, आता प्रश्न येईल. किती पेशी? पिल्लं काढून घेतली तर काय होतं? मी रात्रंदिवस त्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती.

“पण माद्या घेतल्याच कशाला?” दिल्लीवाल्यांनी विचारलं.

“परवानगी फक्त नरांची होती ना?” बंगळूरवाले म्हणाले. “कागदोपत्री?”

“प्राणीगृहात माद्या वेगळ्या ठेवत नाही का तुम्ही?” अण्णा म्हणाले.

आणि मग तिघेही बोलायला लागले. परवानगी, नियम, जबाबदारी, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांचे रंग. पाऊण तास. मी पडद्याशेजारी उभी होते, हातात कांडी घेऊन. पडद्याकडे कोणी बघत नव्हतं. एकदाही नाही. प्रोजेक्टरच्या दिव्याने स्लाइड तापत होती आणि ते दोन झुबके तिथे ढळढळीत उमटून होते, जगात त्याआधी मी तरी कोणी दाखवलेले पाहिले नव्हते असे, आणि तीन शहाणी माणसं त्यांच्याकडे पाठ करून पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल बोलत होती.

“कृपा करून एकदा स्लाइडकडे बघा,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

तेव्हा सर उठले. हळुवारपणे उठले. “कालिंदी सध्या जरा ताणात आहे,” ते समितीला म्हणाले. “घरी तान्हं बाळ आहे. झोप नाही. तिच्या मनात काही गोष्टींची सरमिसळ झालीय. श्रीरंगने नरच वापरले आहेत, मी स्वतः खात्री देतो.”

मी मागच्या रांगेकडे बघितलं. “श्रीरंग, सांग ना.”

श्रीरंग आपल्या बुटांकडे बघत होता.

तिघांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं? दया. अण्णांनी तर हाताने मला खाली बसण्याची खूण केली. “बस पोरी बस,” म्हणाले. “माझ्या मुलीचंही असंच झालं होतं.” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती दया मला आजही चालत नाही.

“चला,” सर म्हणाले, “भजी गार होतील.”

मी बसले नाही. प्रोजेक्टरमधून माझी स्लाइड काढली, तापलेली होती, तशीच बोटांत धरली आणि बाहेर पडले. दिवाळीला माझ्याकडे पीएच.डी. नव्हती. पुढे कोल्हापूरला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे, दुसऱ्या विषयात, पुन्हा पहिल्यापासून केली. श्रीरंग जर्मनीला गेला.

नकाशा छापून आला. जाड, गुळगुळीत कागदाचं मोठं पुस्तक, खूप गाजलं, अजूनही चालतं. एन्केफॅलिनच्या पानाखाली बारीक अक्षरांत एक तळटीप आहे: चार मेंदू रंगवण्यातील हातचुकीमुळे वगळले आहेत. जे म्हणायला मी नकार दिला ते माझ्या नावावर त्यांनी छापून टाकलं. ते वाचून माझे कान तापले होते. नंतर परदेशातल्या लोकांनी पाजणाऱ्या माद्यांवर मुद्दाम काम केलं आणि त्यांना ते झुबके सापडले. त्यांचे लेख मी वाचले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी स्लाइडकडे बघितलं होतं.

आता मीही शिकवते. जुई मोठी झाली, आई राहिली नाही. आमच्या विभागाच्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे. नवी मुलं-मुली प्रयोगशाळेत आली की पहिल्या दिवशी मी ते आणायला लावते, ते पान उघडते आणि तळाशी, मधल्या पोकळीच्या बाजूला बोट ठेवते.

“इथे काय दिसतं?”

“काही नाही मॅडम,” मुलं म्हणतात. “कोरं आहे.”

“कोरं नाही. इथे चार आया होत्या.”

मग तपकिरी पेन्सिल काढते. गेल्या वर्षी ग्रंथपाल धावत आले, मॅडम, सरकारी पुस्तक आहे, खराब करू नका. मी म्हटलं, खराब आहेच, आम्ही दुरुस्त करतोय. आणि पेन्सिल समोरच्या मुलीच्या हातात दिली. ती घाबरली होती, पुस्तकावर लिहायचं म्हणून बोटं कापत होती.

“पोकळीच्या दोन्ही बाजूंना,” मी सांगितलं. “ठिपके सुटे काढ, एकेक. थरथरला हात तरी चालेल. काढ.”